बाबासाहेबांचा रुपया

चिखली तालुक्यातील एक मजूर बाई गेल्या आठवड्यात आमच्याकडे आल्या. हातात बाबासाहेबांचा एक रुपया आणि पदराला बांधलेले अडीच हजार. “भाऊ, एवढी फी भरून द्या. मोबाईलवाला याचे पाच लाख देतो म्हणतो.”

हा रुपया सरकारने १९९० साली जन्मशताब्दीनिमित्त काढला. तो रोजच्या व्यवहारातला, त्यामुळे अनेक घरांत सापडतो. सालाखालची खूण भिंगाने पाहावी. चौकट म्हणजे मुंबईची टाकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबादची. पण खुणेवरून लाख मिळत नाहीत.

संग्राहक शोधतात ती टाकसाळीची चूक. छाप एका बाजूला सरकलेला असतो. किंवा नाणे वर-खाली दोन बोटांत धरून फिरवले की दुसरी बाजू उलटी दिसते; ती सरळच दिसायला हवी. खिशात झिजलेले, ठोकलेले नाणे म्हणजे चूक नव्हे. आणि चिंचेने घासू नका, त्याने किंमत उतरते.

बाईंच्या नाण्यात चूक नव्हती. चूक फोनवाल्याची होती! जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी आपण फी घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. ज्यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्याच रुपयावर ही लबाडी!

अडीच हजार पुन्हा पदरात बांधले गेले. रुपया विकायचा का, असे आम्ही विचारले. “नाही भाऊ, नातीला द्यायचा आहे.”