गावाची मोकळी जागा गावालाच राहू द्या

मा. नगराध्यक्ष व सर्व नगरसेवक,
नगरपंचायत, भातकुली यांस


भातकुलीत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तेव्हा गावाला मुख्याधिकारी मिळाला, नव्या योजना मिळाल्या. ग्रामसभा मात्र गेली. ई-क्लासच्या गायरानाचं काय चाललंय, बाजाराची जागा कोणाला दिली, हे चारचौघांत उभं राहून विचारायची ती हक्काची बैठक होती. आता ते निर्णय तुमच्या सभागृहात होतील. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गावाच्या मोकळ्या जमिनीला सरकारी कागदात ‘रिकामी’ म्हणायची सवय जुनी आहे. ती रिकामी कधीच नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी गावोगावचं निस्तार पत्रक करायचं असतं. गुरं कुठे चरतील, जळतण कुठून आणायचं, मुरूम-माती कोणी कशी घ्यायची, हे त्यात येतं. वाटेचे आणि पाण्याचे रिवाज वाजिब-उल-अर्जात येतात. म्हणजे जमीन शासनाची असली, तरी तिच्यावरचा गावाचा वापर कायद्याने मानलेला आहे.

आपला तालुका खारपाण पट्ट्यातला. इथे विहिरीचं पाणी खारं, ओलिताला बेताचं. त्यामुळे हिरवा चारा कमी आणि गोडं पाणी मोलाचं. पावसाचं पाणी जमिनीवर साठवायचं, तर तळ्याला जागा लागते. ती सगळ्यांची जमीनच देऊ शकते. तिच्यावर इमारती उभ्या केल्या, की पुढच्या पिढीचं तळंही गेलं.

आणि वापर काय फक्त गुरांचा? सकाळी आखरावर जनावरं गोळा होतात. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, पोळा फुटतो. आठवडी बाजार भरतो. सप्ताहाचा मंडप पडतो, जयंतीच्या मिरवणुकीला मोकळी जागा लागते, कबड्डीचे सामने होतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे धावतात ती अशाच जागेवर. ज्याच्याकडे शेत नाही, अंगण नाही, त्याच्या घरचं लग्नही तिथेच लागतं. श्रीमंताला लॉन भाड्याने घेता येतो. गरिबाला ही एकच जागा आहे.

सार्वजनिक जागा कशी घडवावी, याचा धडा आपल्याच तालुक्यात आहे. ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. पूर्णेच्या गाळात घसरत पाण्यापर्यंत जाणारे लोक गाडगेबाबांनी पाहिले आणि १९०८ मध्ये तिथे घाट बांधला. त्यांनी नदी अडवली नाही, तिकीट लावलं नाही. पाण्यापर्यंतची वाट सोपी केली, आणि ती सगळ्यांसाठी केली.

शहर झालं की गायरान जायलाच हवं, असंही नाही. इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरात टाऊन मूर नावाचं मोठं गवताळ रान आहे. १७७४ च्या कायद्याने तिथला चराईचा हक्क राखला गेला. आजही तिथे गाई चरतात, आणि जूनमध्ये तिथेच मोठी जत्रा भरते.

आपल्याकडेही कायदा याच बाजूला आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे, शाळा आणि दवाखाने यांचा अपवादही ठेवला. तो विसरू नका. गायरान वाचवण्याच्या नावाखाली गरिबाची झोपडी आधी पाडायची आणि वजनदार माणसाच्या कुंपणाला हात लावायचा नाही, हा न्याय नव्हे.

माझ्या मागण्या चार आहेत. भातकुलीतील प्रत्येक सामाईक जागेची मोजणी करून हद्दीचे दगड रोवा आणि नकाशा नगरपंचायतीच्या दारात लावा. त्या नकाशावर कोणती जागा कोण, कधी, कशासाठी वापरतं हे गुराखी, बाजारातल्या बाया, खेळाडू, सगळ्या समाजांचे लोक यांना विचारून लिहा. विकास आराखड्यात त्या जागांवर तसंच आरक्षण टाका. व्यापारी गाळ्यांसाठी ते बदलू नका. आणि अशी कोणतीही जागा देण्याआधी प्रभागांत जाहीर सभा घ्या. कायदा सक्ती करत नसला, तरी घ्या.

भातकुली अमरावतीच्या जवळ आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. जमिनीचे भाव वाढतील तसा या मोकळ्या जागांवरचा डोळाही वाढेल. एकदा गाळे उभे राहिले, की कोणतंही सभागृह ती जमीन परत आणू शकत नाही. म्हणून मोजणीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेतच घ्या. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, या ठरावाला विरोध करायचं कारण त्याने गावाला सांगावं.

आपला,
भातकुली तालुक्यातील एक नागरिक