गुण सुईला की हाताला?

कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर सुचवणाऱ्यांचा पूर्वपक्ष हल्ली आकड्यांनिशी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा दाखला त्यात हमखास असतो. सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के रुग्णांना सहा महिन्यांनी चांगला उतार पडला होता. गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम असा नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 27.4 टक्केच भरले. दाखला इथेच थांबवला, तर वाद जिंकल्यात जमा. पण त्याच चाचणीत तिसरा गटही होता. त्यातल्या रुग्णांना शास्त्रोक्त बिंदू मुद्दाम टाळून, अगदी वरवर सुया टोचल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या 44.2 टक्क्यांना गुण आला. ज्या विद्येचा सारा डोलारा सुई कुठे आणि किती खोल टोचायची यावर उभा आहे, तिला हा तिसरा आकडा जड जायला हवा.

यावर उत्तर तयार असते: खोटी सुई झाली तरी सुईच, कातडीत शिरली की शरीर काहीतरी प्रतिसाद देणारच, शिवाय खरा जाणकार प्रत्येक रुग्णासाठी वेगळे बिंदू निवडतो. हे दोन्ही आक्षेप अमेरिकेत 638 रुग्णांवर तपासून झाले आहेत. 2009च्या त्या चाचणीत एका गटाला खास त्याच्यासाठी निवडलेल्या बिंदूंवर सुया दिल्या, दुसऱ्याला ठरावीक बिंदूंवर, आणि तिसऱ्याच्या पाठीवर सुईच्या नळीतून टूथपिक टेकवली. पालथ्या पडलेल्या रुग्णाला वरून टकटक जाणवे, टूथपिक फिरवली जाई, शेवटी सुई उपटल्याचा अभिनयही होई. टोचले मात्र काहीच नाही. आठ आठवड्यांनी हालचालींतल्या अडचणींचे गुण या तीन गटांत अनुक्रमे 4.4, 4.5 आणि 4.4 अंकांनी उतरले. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांचे 2.1 अंकांनी. पुढे अनेक चाचण्यांची माहिती एकत्र केली तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुईत थोडा फरक दिसला, हे मान्य. पण टोचणाऱ्याला आपण काय टोचतो आहोत हे ठाऊक असतेच, आणि तेवढ्या फरकाला तेही पुरेसे कारण ठरू शकते.

मग सगळे थोतांड म्हणून मोकळे व्हायचे का? तसे म्हणणारेही अर्धेच वाचतात. टूथपिकवाल्यांना जो उतार पडला तो खरा होता, आणि तो नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त होता. जर्मन चाचणीतले रुग्ण सरासरी आठ वर्षे दुखणे अंगावर काढलेले होते. सुयांच्या गटांना निदान दहा वेळा, दर वेळी अर्धा तास, कोणीतरी हात लावून तपासत होते. बाकीच्यांच्या वाट्याला पूर्वी करून थकलेलेच उपचार आले, आणि आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे त्यांना ठाऊक होते. या चाचण्यांतून खरी झडती निघते ती आपल्या रुळलेल्या वैद्यकाची: घाईघाईने पाहिलेला एमआरआय, पट्टा, वेदनाशामक गोळ्या, 'वजन उचलू नका'. जर्मनीने 2006मध्ये सुयांचा खर्च विम्यात घ्यायचे ठरवले, ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2009मधली शिफारस 2016मध्ये मागे घेतली, महाराष्ट्राने तर स्वतंत्र कायदाच केला; रुग्णाला अर्धा तास कोण देणार, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

शेवटचा आक्षेप जास्त गंभीर आहे. गुण विश्वासाचा असेल तर खरे सांगताच तो जाईल, म्हणून बिंदूंची कथा राहू द्यावी, असे काही डॉक्टरही म्हणतात. लिस्बनमधल्या कंबरदुखीच्या रुग्णांना 2016च्या एका अभ्यासात 'या गोळीत औषध नाही' असे स्पष्ट सांगून, तरीही ती का उपयोगी पडू शकते हे समजावून दिले होते. तीन आठवड्यांत त्यांचे नेहमीचे दुखणे सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले, न घेणाऱ्यांचे 9 टक्क्यांनी. अभ्यास लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत; पण रुग्णाशी खोटे बोलण्यावाचून गत्यंतर नाही, या म्हणण्याला तो पुरून उरतो.