'शिकायला मिळतंय ना?' हा काही पगार नव्हे

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाची घरी आली. तिला वकिलीची सनद मिळून 14 महिने झाले. जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहे. सकाळी ऑफिस, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी पुन्हा ऑफिस, घरी पोहोचायला रात्रीचे नऊ. या 14 महिन्यांत हातात पडलं ते दिवाळीचं 2,000 रुपयांचं एक पाकीट. बसचं भाडं अजून तिचे अब्बाच देतात. शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवत तिनं विचारलं, "मामू, सोडून देऊ का?"

मी तोंड उघडायच्या आत बैठकीतल्या सगळ्यांची उत्तरं आली. "सब्र कर." "उस्तादाची खिदमत केल्याशिवाय इल्म येत नाही." "पैशाचं काय, शिकायला मिळतंय ना?"

हीच वाक्यं मीही ऐकली होती. दीड वर्ष फुकट राबलो, मग घर चालेना म्हणून कोट खुंटीला लावला. त्यामुळे मी निःपक्षपाती आहे असं म्हणणार नाही. पण हिशेब तर मांडू.

ती काय शिकते? बोर्ड बघते, तारखा घेते, मुदतीचे अर्ज टाइप करते, नकलांसाठी खिडकीवर उभी राहते, पक्षकारांचे फोन घेते. हे पहिले तीन-चार महिने शिक्षण असतं. चौदाव्या महिन्यात तेच काम ही निव्वळ मजुरी असते. एकदाही उलटतपास करू दिलेला नाही. तिनं केलेल्या कामाची फी पक्षकार देतो, ती ऑफिसात जमा होते. म्हणजे कामाला किंमत आहे, फक्त ती करणाऱ्याला मिळत नाही.

आणि सब्र? सब्र संकटात करायचा असतो. दुसऱ्यानं आपला हक्क दाबून ठेवावा आणि आपण त्याला सब्र म्हणावं, ही सोय आहे, ती दाबणाऱ्याची. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. कुरआनात मदयनच्या विहिरीवरचा प्रसंग आहे. हजरत मूसांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजलं, कुणी मजुरी ठरवली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती. तरी मुलींच्या वडिलांनी त्यांना मोबदला द्यायला बोलावून घेतलं. पुढच्या चाकरीचा करारही आधी ठरला: आठ वर्षं, स्वखुशीनं पूर्ण केली तर दहा. मुदत ठरली, मोबदला ठरला, मग काम. खिदमतीचे दाखले देणाऱ्यांनी हाही दाखला द्यावा.

कायद्याकडे पाहू. एमआयडीसीतल्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार लागला तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं त्याला विद्यावेतन द्यावंच लागतं. वकिलाच्या ज्युनिअरला असं कायद्याचं संरक्षण नाही. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं: शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यात बार कौन्सिलच्याच नियमानुसार वकिली करणाऱ्याला दुसरीकडे पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. इथं पगार नाही आणि दुसरीकडे कमवायची मुभा नाही. मग ज्युनिअरनं खायचं काय?

याचं उत्तर सोपं आहे: वडिलांचं. ज्याच्या वडिलांकडे आहे तो टिकतो. ज्याचे वडील रिक्षा चालवतात, गॅरेजात काम करतात, तो दोन वर्षांत कोट उतरवतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली. अनुभव हवा, हे मान्य. पण तीन वर्षं बिनपगारी असतील तर ही अट अनुभवाची राहत नाही, ऐपतीची होते. मग आपणच विचारत बसतो की न्यायासनावर आपली मुलं का दिसत नाहीत.

ज्येष्ठ वकिलांची बाजूही आहे. तालुक्याच्या ठिकाणी अनेकांची स्वतःचीच कमाई बेताची असते, दरमहा 15,000 त्यांना झेपणार नाहीत. मान्य. पण प्रवासखर्च झेपतो. ज्युनिअरनं पूर्ण केलेल्या कामाच्या फीतला वाटा झेपतो. "मीही असाच शिकलो" हे मात्र उत्तर नाही. आपल्यावर झालेला अन्याय पुढच्याला वारसा म्हणून द्यायचा नसतो. आणि हे आपल्या समाजातल्या वकिलांनाही लागू आहे. व्यासपीठावर घटना आणि इन्साफ, ऑफिसात फुकटची पोरं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटी भाचीला मी एवढंच म्हणालो: लगेच सोडू नकोस, पण मुदत ठरव. साहेबांकडे अदबीनं तीन गोष्टी माग. महिन्याला ठरावीक रक्कम, थोडी का असेना. दोन-तीन लहान प्रकरणं स्वतः चालवायला. आणि आजवरच्या कामाचा अनुभव-दाखला. दोन महिन्यांत काही झालं नाही तर सलाम करून बाहेर पड. ऑफिस सोडणं म्हणजे वकिली सोडणं नव्हे. सनद तुझी आहे, साहेबांची नाही. पैसे देणारं दुसरं ऑफिस शोध. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत सहायकाची मानधनाची पदं असतात, तीन वर्षांपेक्षा कमी वकिली झालेल्यांसाठीही. त्याची जाहिरात बघत राहा.

आणि बैठकीतल्या बुजुर्गांना एक विनंती केली. दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल आणि ट्रॉफी देण्यात जमात जो खर्च करते, त्यातून दोन ज्युनिअर वकिलांना तीन वर्षं विद्यावेतन द्या. ट्रॉफीनं कुणाचा जामीन होत नाही.

कुणी काही बोललं नाही. भाची सोमवारी साहेबांशी बोलणार आहे.