वाचकाचें न्यायासन

कोल्हापुराहून गगनबावड्यास येतांना चढण सौम्य भासते. वैभववाडीहून करूळ घाट चढणारास मात्र तोच डोंगर उभी भिंत वाटतो. डोंगर एकच, फरक पाहणाराच्या जागेचा. एवढी साधी गोष्ट आमचा सुशिक्षित वाचक अद्भुतकथा वाचतांना कां विसरतो, हें आम्हांस उमगत नाहीं.

हॅरी पॉटरच्या सात भागांत (१९९७–२००७) बहुतेक कथा हॅरीच्याच नजरेनें दिसते. म्हणून स्नेप दुष्ट ठरतो, आणि अखेरच्या भागांत त्याच्या आठवणी उघड होतांच वाचक ओशाळतो. परंतु आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचें 'मृत्युंजय' (१९६७) हातीं घेतांच हा धडा पुसला जातो! सावंतांनीं कथा सहा जणांच्या मुखें वदविली. त्या साक्षी होत, निकालपत्र नव्हे. तरीही घरोघर कर्ण निर्दोष सुटला आहे.

कोणी म्हणेल, उपेक्षिताविषयीं सहानुभूति वाटली, त्यांत वाईट काय? कांहींच नाहीं, तो वाचनाचा मोठा लाभच होय. पण महाभारताच्या सभापर्वांत द्रौपदीस भर सभेंत कुलटा म्हणणारा आणि तिचीं वस्त्रें काढावयास सांगणारा कर्णच आहे. त्याच्या पूर्वीच्या अपमानांनीं ते शब्द समजतात, क्षम्य ठरत नाहींत. ज्या घरांत त्यांचें समर्थन चालतें, तेथील मुली एकच पाठ शिकतात: पुरुषाच्या दुःखाची किंमत स्त्रीनें द्यावयाची.

कर्णानें आपली कैफियत खुशाल मांडावी. वाचकानें न्यायासन सोडून त्याचें वकीलपत्र घेऊं नये.