खो-खोचा विश्वचषक आणि मैदानाबाहेर राहिलेल्या मुली

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तेव्हापासून काही पालक विचारतात, "डॉक्टर, पोराला कोणत्या अकॅडमीत घालू?" त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपले मूल रोज तासभर खेळते का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातील ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते.

सोनगीरसारख्या गावात मोकळ्या जागेची फार अडचण नाही. खो-खोला बॅट लागत नाही की महागडे बूट. धावणे, उठणे-बसणे, अचानक वळणे यांतून हृदय, स्नायू आणि हाडे, तिन्हींना व्यायाम मिळतो. तरी संध्याकाळी मैदानावर मुलगेच जास्त दिसतात. मुलगी सातवी-आठवीत गेली की पाळी, घरकाम, शिकवणी आणि "लोक काय म्हणतील" यांत तिचा खेळ सुटतो.

"ती लगेच थकते"

हे ऐकून तिला घरी बसवू नका, आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर उपचार हवेत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको. पाळीत त्रास नसेल तर खेळायला हरकत नाही. पोटदुखी किंवा रक्तस्राव फार असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एवढे सांभाळा

- आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळ. सोबत पाण्याची बाटली.
- खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, धडधड, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे: यांपैकी काहीही असेल तर तपासणीपर्यंत खेळ थांबवा.
- दमा असलेली मुलेही खेळू शकतात. औषध नियमित हवे आणि पंप जवळ हवा.

शाळेच्या संघात मोजकीच मुले निवडली जातात. रोजच्या तासासाठी मात्र निवड लागत नाही, घरच्यांची परवानगी लागते. मुलाला ती न मागता मिळते. मुलीलाही तशीच मिळू द्या.