अल्ब्युमिनचा आकडा आणि त्यामागचा रंग

समजा, जरीपटक्यातल्या एखाद्या गृहस्थांच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला. जवळच्या लॅबने रक्तातले अल्ब्युमिन २.६ सांगितले. दोन दिवसांनी सरकारी रुग्णालयात तेच २.१ निघाले. घरचे म्हणणार, कुणाची तरी मशीन बिघडली. बऱ्याचदा दोन्ही मशीन ठीक असतात, वेगळा असतो तो रंग.

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन. नेहमीच्या तपासणीत ते थेट मोजत नाहीत, त्याला चिकटलेला रंग मोजतात. सिरममध्ये ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे रंगद्रव्य मिसळून द्रावणाचा पीएच ४.२ च्या आसपास ठेवतात. एवढ्या आम्लतेत अल्ब्युमिनवर धन प्रभार असतो, रंगाच्या रेणूवर ऋण. दोघे एकमेकांना धरतात आणि पिवळे द्रावण हिरवट निळे होते. जितका रंग गडद, तितके अल्ब्युमिन जास्त. युक्ती स्वस्त आणि झटपट आहे, म्हणून जगभर रुळली.

गोची अशी की हा रंग एकनिष्ठ नाही. थोडा वेळ मिळाला की तो ग्लोब्युलिन गटातल्या प्रथिनांनाही चिकटतो. अल्ब्युमिन घसरलेल्या आजारी माणसात ही प्रथिने अनेकदा वाढलेली असतात. म्हणजे ज्याचा आकडा नेमका हवा, त्याचाच फुगतो! ब्रोमोक्रेसॉल पर्पल अधिक निवडक आहे, पण डायलिसिसवरच्या काही रुग्णांत तो आकडा कमी दाखवतो.

अर्ध्या ग्रॅमने काय होते? नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये अल्ब्युमिन फार उतरले की शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, आणि रक्त पातळ करणारे औषध द्यायचे का, हे ठरवताना हा आकडा पाहतात. ‘केडिगो’च्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार ग्रीनने मोजलेले २.५ हे पर्पलच्या २.० बरोबर धरायचे. त्या हिशेबाने ग्रीनचे २.६ आणि पर्पलचे २.१ एकाच बाजूला पडतात. पण रंग न पाहता २.१ ला २.५ ची फूटपट्टी लावली, तर रक्तस्रावाची जोखीम असलेले औषध विनाकारण सुरू होऊ शकते.

म्हणून प्रत्येक रिपोर्टवर आकड्याशेजारी पद्धतीचे नाव छापणे सक्तीचे हवे. एका ओळीची शाई, दुसरा खर्च नाही. तोवर पुन्हापुन्हा करायची तपासणी एकाच लॅबमध्ये करावी आणि लॅब बदलली तर डॉक्टरांना तसे सांगावे. रिपोर्टवर बारीक अक्षरांत ‘बीसीजी’ असेल तर तो ग्रीन, ‘बीसीपी’ असेल तर पर्पल. बाळाला देतात त्या बीसीजी लसीशी याचा काही संबंध नाही.