चूक कोणाची, शिक्षा कोणास?

संगणकास आज्ञा देण्याची विद्या आतां उमरखेडसारख्या तालुक्याच्या गांवींही शिकविली जाते, आणि पैनगंगेकांठच्या खेड्यांतून एस्. टी. नें येणारीं मुलें ती हौसेनें शिकूं लागतात. परंतु पहिल्याच आठवड्यांत पडद्यावर 'इन्व्हॅलिड सिन्टॅक्स' असा इंग्रजी शेरा उमटतो आणि पुष्कळांचा हुरूप मावळतो. अशा मुलांस 'हा विषय तुम्हांस झेपणारा नव्हे' असें बजावणारे विद्वान आम्हांस नित्य भेटतात. आमच्या मतें येथें नापास व्हावयास हवे ते शेरा लिहिणारे.

उदाहरणच घ्या. विद्यार्थ्यानें तिसऱ्या ओळींत कंस उघडला आणि मिटावयाचा राहिला. पायथन या भाषेचा यंत्रवाचक मिटणारा कंस शोधीत पुढें जाई, चौथ्या ओळीवर त्याची गति खुंटे, आणि त्या निर्दोष ओळीवरच बोट ठेवून तो मोकळा होई. बिचारा विद्यार्थी तासभर तिचीच चिरफाड करी! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार कित्येक वर्षें चालला.

"यंत्राला काय कळणार?" हें त्यावरचें ठराविक उत्तर. २०२१ च्या ऑक्टोबरांत तें खोटें ठरलें. तेव्हां निघालेली पायथनची ३.१० ही आवृत्ति तिसऱ्याच ओळीकडे बोट दाखवून 'हा कंस मिटलाच नाहीं' असें सांगूं लागली. नांवांत एखादें अक्षर चुकलें तर 'तुम्हांस अमुक म्हणावयाचें होतें काय?' असेंही ती पुसते. 'एल्म' नांवाच्या भाषेनें तर २०१५ सालींच हा मार्ग धरला होता.

कोणी म्हणेल, चांचपडल्याविना विद्या येत नाहीं. खरें, पण वहीवर नुसती तांबडी फुली मारणाऱ्या गुरुजींस आपण उत्तम शिक्षक म्हणतों काय?

त्याच २०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अनुमतीनें पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकाचा मराठी अभ्यासक्रम निघाला. उत्तम झालें. परंतु पाठ मराठींत आणि पायथनची रागावणी इंग्रजींत, ही व्यवस्था आम्हांस अर्धवट वाटते. पायथनचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे, आणि नवशिक्यास वारंवार भेटणारे शेरे मोजकेच आहेत. त्यांचें मराठी करणें आमच्या प्राध्यापकबंधूंस एका उन्हाळ्याच्या सुटींत जमण्याजोगें आहे. मात्र 'अवैध वाक्यविन्यास' असलें बोजड भाषांतर कृपा करून करूं नये. त्यापेक्षां इंग्रजी बरें. 'तिसऱ्या ओळींतला कंस मिटावयाचा राहिला' एवढें पुरे.